रक्तदाबशामक औषधे व खनिज पूरके

अतिरिक्त रक्तदाबावरील अनेक औषधांमुळे शरीरातील पोटॅशियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे संतुलन बदलते. त्यांच्याबरोबर याच खनिजांच्या गोळ्या वा लवणे घेतल्यास होणारा परिणाम औषधाच्या वर्गावर अवलंबून असतो.

यांत पोटॅशियम सर्वांत महत्त्वाचे. क्लोरथॅलिडोनासारखी मूत्रले (लघवी वाढविणारी औषधे) पोटॅशियम व मॅग्नेशियम बाहेर टाकतात. अशा रुग्णास पूरक द्यावे लागू शकते. उलट टेल्मिसार्टन, एनालाप्रिल व स्पायरोनोलॅक्टोन यांमुळे पोटॅशियम शरीरात राखले जाते. रक्तातील त्याचे प्रमाण सामान्यतः दर लिटरमध्ये सु. ३·५ ते ५ मिलिमोल असते. ते फार वाढल्यास हृदयाचे स्पंदन अनियमित होते, कधीकधी कोणतेही पूर्वलक्षण न दिसता. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली. मात्र वृक्कविकार (मूत्रपिंडाचा विकार) असलेल्यांना तीतून वगळले.

धुळे जिल्ह्यातील शिंदखेड्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात उन्हाळी तापमान ४०° से.च्या वर जाते. घाम वा जुलाब यांमुळे शरीरातील पाणी कमी झाले की वृक्कांचे कार्य मंदावते व वरील गोळ्या चालू असता पोटॅशियम साठू लागते. जलसंजीवनीत दर लिटरला १·५ ग्रॅ. पोटॅशियम क्लोराइड असते. जुलाबात ती टाळणे चूकच. पण अशक्तपणा वाटतो म्हणून ती रोज पिणे इष्ट नाही. जुलाब चालू असताना गोळी थांबवावी काय, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. वृक्के निरोगी असल्यास खानदेशी माणसाने केळी सोडण्याचे कारण नाही.

गर्भवतीस रक्तदाबासाठी मिथिलडोपा दिले जाते आणि आरोग्य केंद्रातून रोज ६० मिग्रॅ. लोहाची गोळी मिळते. आतड्यात लोहाचा या औषधाशी संयोग होऊन त्याचे शोषण घटते व रक्तदाब पुन्हा चढतो. दोन्ही गोळ्या आवश्यक असल्याने त्या वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात. काही तासांचे अंतर ठेवूनही परिणाम पूर्णपणे टळत नाही. म्हणून लोह सुरू केल्यावर रक्तदाब पुन्हा मोजणे अगत्याचे असते.

ॲम्लोडिपीन ‘कॅल्शियमरोधक’ म्हटले जाते, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या सोडणारे रुग्ण आढळतात. हे औषध पेशींत शिरणारे कॅल्शियम अडविते. नेहमीच्या मात्रेतील पूरकाने त्याचा परिणाम सहसा बिघडत नाही. खरा धोका थायझाइड मूत्रलांबरोबर असतो. त्यांच्यामुळे कॅल्शियमचे उत्सर्जन घटते. सोबत कॅल्शियम व ड जीवनसत्त्व भरपूर घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून तहान, बद्धकोष्ठता व मानसिक गोंधळ उद्‌भवतो.

पूरके चिठ्ठीविना मिळत असल्याने रुग्ण त्यांना औषध समजत नाही व विचारल्यावरही सांगत नाही. यासाठी तपासणीस जाताना घरातील सर्व पाकिटे, मिठाचेही, बरोबर न्यावीत. टेल्मिसार्टन वा एनालाप्रिल सुरू केल्यावर १ ते २ आठवड्यांनी रक्तातील पोटॅशियम व क्रिॲटिनीन तपासतात.