एका गनमागची दहा माणसं

मुंबई-गोवा महामार्गाने आमच्या हातखंब्याहून उत्तरेला गेलं, की माणगावच्या तहसील कचेरीजवळ नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक लागतं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षी ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांनी एकट्याने मशीनगनवर धाव घेतली, बॉम्ब टाकून ती बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपलं आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवलं, हे कोकणात अनेकांना ठाऊक आहे. सन्मानपत्रातला त्याआधीचा तपशील मात्र सांगताना गळतो: जवळून आलेल्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे सगळे ठार किंवा जखमी झाले होते.

या एका वाक्याचं वजन कळायचं, तर लाइट मशीनगन म्हणजे काय हे समजून घ्यावं लागतं.

पहिल्या महायुद्धातल्या जड मशीनगनला तिपाई लागे, नळी थंड ठेवायला पाणी लागे. खंदक राखायला ती उत्तम, पण पुढे सरकणाऱ्या पायदळाबरोबर तिला नेणं कठीण. म्हणून एका माणसाला उचलता येईल अशी गन हवी होती. भारतीय सेनेने १९३३ साली विकर्स-बर्थिए ही गन स्वीकारली. ती इच्छापूरच्या कारखान्यात बनत असे. ब्रिटनने मात्र चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरची, व्हाक्लाव होलेक यांच्या आराखड्यावरची गन पसंत केली. ब्रनो आणि एनफील्ड या दोन गावांच्या नावांतली आद्याक्षरं जोडून ‘ब्रेन’ हे नाव झालं. युद्धकाळात हीच गन भारतीय पलटणींच्याही हाती आली.

तिचं काम असं चालतं. घोडा दाबला, की मागे अडकून राहिलेला बोल्ट पुढे झेपावतो, वरच्या मॅगझिनमधलं काडतूस नळीत ढकलतो, त्याचा मागचा भाग वर उचलला जाऊन कुलूप बसतं आणि बार उडतो. गोळी नळीतून जात असताना थोडा गॅस एका छिद्रातून खाली पिस्टनवर आदळतो. पिस्टन मागे सरकतो, कुलूप सुटतं, रिकामी पुंगळी खाली पडते आणि स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे लोटते. मिनिटाला साधारण ५०० फेऱ्यांचा हा वेग.

मॅगझिनमध्ये ३० काडतुसं मावत, पण स्प्रिंगवर ताण नको म्हणून २८च भरत. घोडा दाबून धरला, तर साडेतीन सेकंदांत खेळ खलास! म्हणून चार-पाच गोळ्यांचे झटके द्यायचे. सलग मारा केला की नळी तापते. मग ती बदलायची. जुनी नळी उचलण्यासाठी तिलाच मूठ असे.

हे एकट्याचं काम नव्हे. नंबर एक नेम धरी. नंबर दोन शेजारी पडून मॅगझिन आणि नळी बदली. गटावर लान्स नाईक असे. दहा जणांच्या सेक्शनमधले उरलेले रायफलवालेही आपल्या पिशव्यांत ब्रेनची मॅगझिनं वाहत. १९३७ सालच्या पट्ट्यांवरच्या पिशव्यांचा आकारच त्या मॅगझिनवरून ठरला होता. सुमारे दहा किलोंची गन एकाच्या खांद्यावर असली, तरी तिचं ओझं सगळ्यांत वाटलेलं असे. ब्रेन गटाने मारा करून शत्रूला डोकं वर काढू द्यायचं नाही आणि तेवढ्या वेळात रायफल गटाने पुढे सरकायचं, ही हल्ल्याची रीत.

समोरच्या जर्मन सेक्शनचीही बांधणी मशीनगनभोवतीच असे. त्यांची एमजी ४२ पट्ट्यावर चालणारी, मिनिटाला सुमारे १,२०० फेऱ्या झाडणारी. म्हणजे सेकंदाला वीस गोळ्या. अशा माऱ्यासमोर आपला मारा थांबणं म्हणजे पुढे सरकण्याची वाटच बंद होणं.

आता घाडग्यांच्या त्या क्षणाकडे पाहावं. सेक्शन कमांडर म्हणून त्यांना शिकवलेली सगळी रीत नऊ जणांवर उभी होती. ते पडल्यावर त्या रीतीतलं काहीच शिल्लक राहिलं नाही. नळ्या, मॅगझिनं आणि माणसं मिळून जे करायचं, ते एका माणसाने केलं. शत्रूची गन थांबल्यावर लपलेल्या नेमबाजांनी त्यांना गाठलं. त्यांचं शौर्य एकट्याचं होतं, हे खरंच. पण ते एकटे का उरले, हे सांगितल्याशिवाय ती कथा पुरी होत नाही.

इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर घाडग्यांचं नाव कोरलेलं आहे. २०२३ साली मोंतोने गावात त्यांच्या नावे सूर्यघडीचं स्मारकही उभं राहिलं. त्यांच्या सेक्शनमधल्या इतरांची नावं मात्र आपल्या बोलण्यात येत नाहीत. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांत पेटीच्या तळाशी पलटणीची कागदपत्रं आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ती हाती लागली, तर पदकांच्या पलीकडेही पाहावं. आजोबा नंबर एक होते की नंबर दोन, मॅगझिनं वाहत होते की रायफल गटात होते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवावं.