मोठ्या बोअरचा सौदा

शिंदखेडा, दोंडाईचा, बेटावद, नरडाणा अशा गावांच्या बाजारांत फिरणाऱ्या कापडवाल्यासाठी टू-स्ट्रोक स्कूटर ही हौस नव्हती, चालते-फिरते दुकान होते. सुरत-भुसावळ रेल्वेने आलेला माल पायाजवळ एक गठ्ठा आणि मागच्या सीटवर दोन, असा बांधून पुढे जात असे. अशा काही चेतक गाड्या अजून घरोघरी आहेत. इंजिनाची ताकद कमी झाली की मिस्त्री सांगतो, "चाचा, मोठा बोअर टाका, गाडी नवी होईल." हा सौदा करण्यापूर्वी व्यापाऱ्याने हिशेब मांडावा.

१९७२ साली आलेल्या चेतकचा बोअर ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोकही तेवढाच. म्हणून इंजिन १४५ सीसीचे. झिजलेला सिलिंडर एक मिलिमीटरने मोठा केला तरी ते जेमतेम १५० सीसीचे होते. तो दुरुस्तीचा भाग झाला. मोठ्या बोअरचा किट म्हणजे वेगळी गोष्ट. पोलिनीसारखे इटालियन कारखाने व्हेस्पासाठी ६३ मिलिमीटरचे सिलिंडर-पिस्टन बनवितात. ५७ च्या स्ट्रोकवर तो १७७ सीसी होतो, म्हणजे सुमारे २२ टक्के वाढ. चढावर फरक जाणवतो, हे नाकारता येत नाही. धुळ्याहून मालेगावकडे जाताना लळिंगला ज्याने भरलेली गाडी चढविली आहे त्याला हा मोह समजेल.

परंतु कापडाचा पन्हा वाढविला की मागावर फणी आणि ताण्याचे धागे सगळेच बदलावे लागते. इथेही तेच. मोठ्या सिलिंडरला कार्ब्युरेटरचा मेन जेट मोठा हवा. तो जुनाच राहिला तर पेट्रोल कमी पडते, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलबरोबरच येत असल्याने ऑईलही कमी पडते. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापला की बिडाच्या सिलिंडरच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. खानदेशातला मे महिना, मागे दोन गठ्ठे आणि सोनगीर-नरडाण्याचा महामार्ग. पिस्टन तिथेच पकडतो. मागचे चाक एकदम जाम होते आणि पाठीमागे ट्रक असतो. क्लच तात्काळ दाबला तर माणूस वाचतो. मला या धंद्यातली सर्वांत मोठी जोखीम हीच वाटते, पैशाची नंतर. ब्रेकचे ड्रम तर जुनेच राहतात.

किट व्हेस्पासाठी बनलेला असतो. क्रँककेसचे तोंड आणि गॅसच्या वाटा आपल्या चेतकशी जुळतात की नाही, हे सिलिंडर विकत घेण्यापूर्वीच मोजून घ्यावे. बसविल्यानंतर घासघास करणारे मिस्त्री पुष्कळ आहेत.

कायद्याकडेही पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातील मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असे ठरविले. आता रस्त्यावर असलेली प्रत्येक टू-स्ट्रोक चेतक पंधरा वर्षांपलीकडची आहे, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तिला तपासणीला न्यावेच लागते. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनीला भांडायला आयते निमित्त मिळते.

मग करावे काय? माल वाहणाऱ्याने सिलिंडरला नवी स्लीव्ह मारून बोअर पुन्हा ५७ वर आणावा, पिस्टन-रिंग नवे घालावेत, सायलेन्सरमधला कार्बन काढावा. सायलेन्सर चोंदल्यामुळेच पुष्कळदा गाडी मेली असे वाटते, आणि त्याचा खर्च काहीच नाही. सुरुवातीचे काही दिवस ओझे न लादता मध्यम वेगाने चालवावी, ऑईलचे प्रमाण कंपनीने सांगितले तेच ठेवावे.

आणि कोणी किट बसवायचेच ठरविले, तर जुना सिलिंडर मिस्त्रीकडे सोडून येऊ नये. ऑईल लावून, कपड्यात गुंडाळून घरी आणावा. उद्या त्यातच स्लीव्ह बसवावी लागेल.