९९९९चा डबा

कॅसेटवर छापलेले असायचे ‘९९९९ इन १’. पिवळी किंवा तांबडी, तळहाताएवढी प्लॅस्टिकची कॅसेट, वर मारिओ आणि शेजारी बंदूकधारी कमांडो. डब्याच्या खाचेत ती बसवून टीव्ही सुरू केला की नावांची यादी यायची. पहिली काही पाने खरी असायची. पुढे तोच मारिओ तिसऱ्या स्टेजपासून, मग तोच मारिओ पाचव्या स्टेजपासून, मग वेगळ्याच नावाने पुन्हा तोच. फसवणूक उघड होती, पण त्यावरून कुणी दुकानदाराशी भांडल्याचे ऐकिवात नाही. मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा गेम, गाड्यांचा गेम आणि बदके एवढे मिळाले की उरलेले नऊ हजार कोणाला हवे होते?

१९९७-९८च्या आसपास बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या बऱ्याच घरांत हा डबा आला. उसाचे बिल झाले म्हणून, बाप कारखान्यात कामाला असला तर दिवाळीच्या बोनसमधून, नाहीतर पुण्याच्या मामाने तपकीर गल्लीतून घेऊन दिला म्हणून. पालखीच्या मुक्कामात किंवा नीरा नरसिंहपूरच्या जत्रेत हातात धरून खेळायचा ठोकळ्यांचा ब्रिक गेम मिळे. टीव्हीला जोडायचा डबा मात्र इलेक्ट्रिकच्या दुकानातली चीज. त्याला घरात ‘व्हिडिओ गेम’ एवढेच नाव. डब्यावर कधी ‘मीडिया’ असे, कधी ‘लिटल मास्टर’ असे, कधी काहीच नसे. नाव कोणतेही असो, आतला जीव एकच, आणि तो मूळचा जपानी.

निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात ‘फॅमिली कॉम्प्युटर’ म्हणजेच ‘फॅमिकॉम’ विकायला काढला. अमेरिकेत तो १९८५मध्ये ‘एनईएस’ या नावाने गेला. आपल्याकडे आलेला डबा या दोहोंपैकी एकही नव्हे. फॅमिकॉममध्ये मुख्य चिप्स दोन: एक हिशेब आणि आवाज सांभाळणारी, दुसरी चित्र काढणारी. तैवानच्या यूएमसीसारख्या कंपन्यांनी या दोन्हींच्या नकला केल्या आणि जगभर स्वस्त डब्यांचा पूर आला. रशियात १९९२पासून हाच डबा ‘डेंडी’ नावाने खपला. ज्या मुलांनी निन्टेन्डो हे नावही ऐकले नव्हते ती निन्टेन्डोचे खेळ खेळून मोठी झाली. मॉस्कोत तीच गत, भिगवणात तीच.

नकलेवर नाक मुरडण्याआधी अस्सलाकडेही पाहावे. फॅमिकॉमची हिशेबी चिप रिको कंपनीची. तिचा गाभा मात्र १९७५च्या ६५०२ या अमेरिकी चिपचा, दशमान बेरीज-वजाबाकीची सोय तेवढी बंद करून ठेवलेली. पेटंटची कटकट टाळायला हे केले असे मानले जाते. म्हणजे नक्कल ज्याची केली, त्यानेही हात मोकळे ठेवूनच काम केले होते.

डबा उघडला की निराशा व्हायची. एवढ्या मोठ्या खोक्यात हाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर थोडे भाग, आणि कॅसेटमध्ये चिपच्या जागी डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका. चिपचा नुसता तुकडा पट्टीवर चिकटवून, तारा जोडून, वर राळ ओतायची, ही स्वस्ताईची युक्ती. ॲडॅप्टरमधून येणारा जास्तीचा दाब पाच व्होल्टवर उतरवणारा भाग ती जास्तीची वीज उष्णता करून टाकतो, म्हणून तासाभरात डबा कोमट लागे. ‘बंद करा, पिक्चर ट्यूब जाईल,’ ही घरोघरची धमकी याच उबेतून बळ घ्यायची. तासन्‌तास एकच चित्र ठेवले तर पडद्यावर डाग उरतो हे खरे, पण रविवारच्या चार वाजताच्या मराठी पिक्चरसाठी टीव्ही मोकळा करून घेणे हा त्या धमकीचा खरा हेतू असावा.

कॅसेट लागली नाही तर फुंकर मारायची, हे सगळ्या जगातल्या पोरांना कोणी न शिकवता कळले होते. फुंकरीने काही होत नव्हते. कॅसेट काढून पुन्हा बसवताना धातूच्या पट्ट्या नव्याने टेकायच्या, म्हणून गेम लागायचा. उलट तोंडातल्या ओलाव्याने त्या पट्ट्या गंजतात, असे निन्टेन्डोने पुढे सांगितले. खोडरबराने पट्ट्या घासणारी पोरे त्या मानाने शहाणी.

आता थोडे मारिओबद्दल. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा हा गेम १३ सप्टेंबर १९८५चा. आठ जगे, प्रत्येकात चार स्टेज, आणि हे सारे ४० किलोबाइटमध्ये. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारे ‘सुप्रभात’चे चित्र याहून जड असते. एवढ्याशा जागेत संसार करायचा म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे, रंग तेवढा पांढरा-हिरवा. पायाखाली चिरडला जाणारा तो तपकिरी किडा चालतो असे वाटते, पण ते एकच चित्र डावीकडून उजवीकडे उलटत राहते. आज हे कळल्यावर पुन्हा खेळताना मजा येते. माझ्या मते तर लहानपणापेक्षा जास्त. कॉन्ट्रात गर्दी झाली की गोळ्या लुकलुकायच्या, काही तर दिसायच्याच नाहीत. टीव्हीचा दोष समजून आम्ही अँटेना हलवायचो. खरे कारण चित्राच्या चिपमध्ये होते: पडद्याच्या एका आडव्या रेषेवर ती आठच हलत्या आकृती दाखवू शकते. नववी आली की कुणीतरी गायब.

या डब्याला स्मरणशक्ती नव्हती. गेम जतन करून ठेवायची सोय मारिओत नाही. सातव्या जगापर्यंत पोचावे आणि भारनियमनाची वेळ व्हावी. वीज आली की पुन्हा पहिल्या स्टेजपासून. उसाला पाणी द्यायची मोटर आणि मारिओ या दोघांनाही एकाच वेळापत्रकात राहावे लागे. त्यामुळे पहिले जग सगळ्यांना तोंडपाठ आणि आठवे फार थोड्यांनी पाहिलेले. दुसऱ्या स्टेजमध्ये छतावरून धावत जाऊन पुढच्या जगात नेणाऱ्या नळ्या गाठायची वाट म्हणूनच मोलाची होती. ती एकाने दुसऱ्याला दाखवायची, फुकट नव्हे, बंदुकीचा एक डाव घेऊन.

बंदूक हा त्या डब्यातला सगळ्यांत हुशार भाग. लोकांना वाटते की तिच्यातून काहीतरी निघते. निघत काही नाही, ती फक्त बघते. ‘डक हंट’मध्ये (१९८४) चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या डोळ्याला आधी काळे, मग पांढरे दिसले तर बदक पडले. दोन बदके असली तर चौकोन एकामागून एक येतात. नेम चुकल्यावर वर डोके काढून हसणाऱ्या त्या कुत्र्यावर किती गोळ्या वाया गेल्या असतील! तो मरत नाही. मूळ यंत्रात आणखी एक गंमत होती: एकाच बदकाच्या खेळात दुसऱ्याच्या हातातल्या रिमोटने बदक उडवता येते. हे वेळीच कळले असते तर धाकट्यांनी थोरल्यांचे किती सूड उगवले असते.

याच काळात तालुक्याच्या गावांत रुपयाचे नाणे टाकायचे पार्लरही होते. तिथला राजा ‘मुस्तफा’. गेमचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमने १९९३मध्ये काढलेला, मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेवर बेतलेला. चार नायकांपैकी पिवळ्या टोपीच्या मुस्तफावरून आपल्याकडे अख्ख्या गेमचे बारसे झाले. पण पार्लर म्हणजे मार खायची हमी. घरचा डबा निदान घरच्यांसमोर चालत असे.

आता हे सगळे फोनवर फुकट मिळते. एमुलेटर म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग घेणारा प्रोग्राम. तो कायदेशीर आहे. गेमच्या फायली उतरवून घेणे मात्र बहुतेक वेळा कायदेशीर नाही. त्याखेरीज शेकडो गेम भरलेले खिशातले खेळणे आणि टीव्हीच्या मागे खोचायची स्टिक ऑनलाइन विकत मिळतेच. चाळिशीला टेकलेली माणसे ती घेतात आणि दोन तक्रारी करतात. पहिली, बंदूक चालत नाही. ती चालणारच नाही. सपाट पडद्याला चित्र दाखवायला किंचित उशीर लागतो आणि तेवढ्यात डोळ्याची वेळ टळून जाते. दुसरी तक्रार जास्त कुतूहलाची: मारिओ अंगावर आल्यासारखा पळतो, आणि त्याची धून ओळखीची असून परकी वाटते.

वयाला दोष देण्याचे कारण नाही. जपान-अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला ६० चित्रे दाखवायचा, आपला पाल पद्धतीचा ५०. मारिओ चित्रे मोजून चालतो. निन्टेन्डोने युरोपसाठी वेग जुळवून वेगळी आवृत्ती काढली, पण नकली कॅसेटवाल्यांना एवढी सवड कुठली? पालसाठी बनवलेल्या डब्यांत जपानी गेम तसाच भरला गेला आणि एक षष्ठांशाने मंदावला. पहिल्या स्टेजचा वेळेचा ४०० आकडा जपानात सुमारे १६० सेकंदांत संपतो, त्या डब्यांत तो १९२ सेकंद पुरायचा. आमच्या पिढीचे हात या जास्तीच्या ३२ सेकंदांवर तयार झाले आहेत.

धुनीचेही तसेच. कोजी कोंदो यांचे संगीत डब्यातल्या चौकोनी लहरींवर वाजते. लहर किती वेळ वर आणि किती वेळ खाली राहते यावर आवाजाचा पोत ठरतो. अनेक नकली चिप्समध्ये यातल्या दोन मात्रांची अदलाबदल झाली. सूर बरोबर, पण आवाज थोडा वेगळा. लाखो डबे तसेच विकले गेले. फोनवर वाजते ती कोंदोंची मूळ चाल, आणि कान म्हणतो, ही चुकीची आहे.

एमुलेटर लिहिणाऱ्यांना हे ठाऊक आहे. एफसीईयूएक्स किंवा मेसेनसारख्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये देश-पद्धतीचे पर्याय असतात: जपान-अमेरिकेची एनटीएससी, पाल आणि तिसरा ‘डेंडी’, त्या रशियन डब्याच्या नावाचा. तो निवडायचा. मग आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘स्वॅप ड्यूटी’वर, म्हणजे मात्रांच्या त्या अदलाबदलीवर, खूण करायची. या दोन खुणांनंतर जो मारिओ धावतो तो जपानच्या लेखी बिघडलेला आहे. बारामतीच्या कानाला तोच बरोबर लागतो.