चलत्या रेषा (भाग ९) : शत्रूच्या थिएटरात माकडराजा

१९४१ सालच्या नोव्हेंबरात शांघायमध्ये ‘लोखंडी पंख्याची राजकन्या’ हा चित्रपट लागला. वान लायमिंग आणि वान गुचान या जुळ्या भावांनी तो केला होता. आशियातला हा पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट, सव्वा तासाच्या आसपासचा. त्या वेळी शांघायचा चिनी भाग चार वर्षांपासून जपानी सैन्याच्या हातात होता. परकीयांच्या ताब्यातले मोहल्ले तेवढे मोकळे उरले होते आणि लोक त्यांना ‘एकाकी बेट’ म्हणत. स्टुडिओ, थिएटरं, पैसा लावणारे, सगळे तिथेच दाटीवाटीने राहत होते. पुढच्याच महिन्यात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि जपानी सैन्य त्या मोहल्ल्यांतही शिरलं.

त्यानंतर जे घडलं, त्यासाठी हा आठवडा मी एकाच चित्रपटाला द्यायचं ठरवलं आहे. १९४२ साली, युद्ध ऐन भरात असताना, हाच चित्रपट जपानी आवाज चढवून जपानमध्ये दाखवला गेला. आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या शहरात काढलेली गोष्ट आक्रमकांच्या देशातली मुलं तिकीट काढून बघत होती. चिनी सिनेमाचा इतिहास सहसा शांघायच्या प्रदर्शनाशी थांबतो, जपानी सिनेमाचा इतिहास जपानी चित्रपटांपासून सुरू होतो. या दोन्हींच्या मधला तुकडा बरीच वर्षं कोणाच्याच वाट्याला आलेला नव्हता.

आधी चित्रपटाकडे नीट पाहू. गोष्ट सोळाव्या शतकातल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कादंबरीतली. भारतातून बौद्ध ग्रंथ आणायला निघालेला भिक्षू आणि त्याच्याबरोबर माकडराजा सुन वुकुंग, डुक्कर आणि वाळूचा साधू. (या भिक्षूमागचा खरा माणूस आपल्या ओळखीचा आहे. शाळेच्या इतिहासात भेटलेला युआन श्वांग तो हाच. सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात आला होता आणि इथल्या माणसांच्या स्वभावाबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे.) वाटेत पेटता डोंगर आडवा येतो. ती आग विझवणारा पंखा एका राजकन्येकडे आहे, तिचा नवरा बैलासुर आहे, आणि पंखा सहजासहजी मिळणारा नाही.

मूळ कादंबरीत बैलासुराला शेवटी जेरीस आणतं ते देवांचं सैन्य. चित्रपटात देव येतच नाहीत. डोंगराच्या पायथ्याशी होरपळणारे गावकरी एकत्र येतात आणि माकड, डुक्कर, साधू यांच्या खांद्याला खांदा लावून त्याला पाडतात. सुरुवातीलाच पडद्यावर एक मजकूर येतो. त्याचा आशय असा की ही भुताखेतांची गोष्ट समजू नये, मुलांच्या मनाची जडणघडण व्हावी म्हणून ती सांगितली आहे, आणि सगळ्यांनी एकदिलाने श्रद्धा टिकवली तरच ही भयंकर आग विझवणारा पंखा हाती येतो. १९४१ च्या शांघायमध्ये ही आग कोणती, हे प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. पण मजकुरात जपानचं नाव नाही आणि चित्रातही कुठे नाही. उघड बोलायची सोय नसल्यामुळे रूपक घ्यावं लागलं, आणि त्या रूपकामुळेच पुढे चित्रपट समुद्र ओलांडू शकला. ओसाकातल्या मुलाला त्यात माकड, डुक्कर आणि आग दिसली. ही कथा जपानी मुलांना आधीपासून पाठ होती, कारण ती तिकडे कित्येक पिढ्या सांगितली जात होती.

आता पडद्याच्या अगदी जवळ जाऊ. डुक्कर पळतं तेव्हा त्याचं पोट लांबतं, आखडतं, पाय रबरासारखे वळतात. ही हाताने, मनाने काढलेली हालचाल आहे. त्याच चौकटीत राजकन्या मान वळवते, तेव्हा मात्र पापणी, ओठ, हनुवटी इतक्या खऱ्या माणसासारखी हलतात की क्षणभर दचकायला होतं. हे रोटोस्कोपचं काम. आधी नट-नट्यांवर प्रसंग चित्रित करायचा, मग फिल्मची एकेक चौकट काचेवर टाकून तिच्यावरून रेघ ओढायची. अमेरिकेत मॅक्स फ्लायशरने हे तंत्र काढलं होतं आणि वान बंधूंनी खर्च व वेळ वाचवायला ते भरपूर वापरलं. ‘स्नो व्हाइट’ १९३८ मध्ये शांघायला येऊन गल्ला भरून गेल्यावरच इथल्या निर्मात्यांनी एवढ्या मोठ्या चित्रपटावर पैसा लावायची तयारी दाखवली होती. म्हणजे कथा चिनी, तंत्र न्यूयॉर्कचं, उमेद डिस्नीने जागवलेली आणि धग जपानी बॉम्बची. या दोन प्रकारच्या हालचाली एकमेकींत मुरत नाहीत, शेजारी शेजारी उभ्या राहतात. मला तो या चित्रपटाचा दोष वाटत नाही. हे काम कुठल्या परिस्थितीत झालं, याची ती उमटलेली खूण आहे. अ‍ॅनिमेशनच्या अभ्यासकाने कथेइतकंच हालचालीकडे बघायला हवं, ते अशा खुणांसाठी.

जपानमध्ये या चित्रपटाने दोघांना हलवलं. एक होतं जपानी नौदल. एका चिनी कंपनीने एवढा लांब अ‍ॅनिमेशनपट केला, मग आपण का नाही, हा विचार तिथे बळावला, असं अनेक अभ्यासक मांडतात. दिग्दर्शक सेओ मित्सुयो याने नौदलासाठी १९४३ मध्ये जपानी लोककथेतल्या मोमोतारो या वीर मुलावर ‘मोमोतारोचे समुद्री गरुड’ केला आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये ‘मोमोतारो : समुद्राचे देवसैनिक’ आला. हा जपानचा पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट, आणि तो सरळसरळ युद्धप्रचार आहे. तरी तो टाळून पुढे जाता येत नाही. एका प्रसंगात दक्षिणेकडच्या बेटावरचे प्राणी वर्गात बसलेत आणि जपानी सैनिक त्यांना जपानी मुळाक्षरं शिकवतो आहे. सुरुवातीला गोंधळ, आरडाओरडा, कोणाचं लक्ष नाही. मग अक्षरांचं गाणं होतं आणि सगळे प्राणी ठेक्यात गाऊ लागतात. प्रसंग इतका गोड आहे की साम्राज्याची भाषा लादली जाते आहे, हे विसरायला होतं. त्याउलट शरण येणारे शिंगवाले गोरे अडखळत इंग्रजी बोलतात. सिंगापूरला ब्रिटिशांनी पत्करलेल्या शरणागतीचा तो उघड उघड पुनरुच्चार आहे. कोणाला प्राणी म्हणून काढलं, कोणाला शिंगं लावली आणि कोणाच्या तोंडी कुठली भाषा घातली, यावरून साम्राज्य स्वतःकडे कसं पाहत होतं ते कळतं. टॉमस लामार या अभ्यासकाने युद्धकाळातल्या जपानी अ‍ॅनिमेशनमधल्या प्राण्यांवर केलेली मांडणी याच प्रश्नाभोवती फिरते, आणि माझ्या मते या विषयावरच्या सर्वांत कसदार लेखनात ती मोडते. त्याच चित्रपटात गोऱ्यांनी बेट कसं बळकावलं, हा इतिहास सावल्यांच्या आकृतींतून येतो. तो भाग पाहताना जर्मनीत लोट्टे रायनिगरने १९२६ मध्ये केलेल्या छायापटाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

दुसरा म्हणजे शाळकरी तेझुका ओसामू. ‘लोखंडी पंख्याची राजकन्या’ पाहिला तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता. ‘देवसैनिक’ त्याने १९४५ मध्ये ओसाकातल्या जवळजवळ रिकाम्या थिएटरात पाहिला आणि आपणही एक दिवस अ‍ॅनिमेशनपट करायचा, असं मनाशी घेतलं. पुढे ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’मुळे त्याचं नाव जगभर गेलं. पण माकडराजा त्याला आयुष्यभर सुटला नाही. १९५२ पासून त्याने माकडराजावर चित्रकथांची मालिका काढली. तिच्यावरून तोएई स्टुडिओने १९६० मध्ये चित्रपट केला. अमेरिकेत गेल्यावर त्याच चित्रपटात भिक्षूचा राजपुत्र अमात झाला, बुद्धाचा राजा आमो झाला आणि माकडाचं नाव अलाकाझाम पडलं. चीनमधून जपानला येताना टिकलेला बौद्ध धर्म प्रशांत महासागर ओलांडताना गळून पडला. १९८० च्या दशकात तेझुका म्हाताऱ्या वान लायमिंगना चीनमध्ये भेटला. तेझुका १९८९ च्या फेब्रुवारीत वारला. माकडराजावरची त्याची दूरदर्शन-फिल्म त्यानंतर दाखवली गेली आणि तिच्यात त्याचं स्वतःचं हे सगळं बालपण आहे.

या गोष्टीतला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस मात्र वेगळाच आहे. मोचिनागा तादाहितो. सेओच्या हाताखाली काम करताना त्याने चित्राला खोली देणारा, काचेचे थर एकावर एक मांडलेला कॅमेरा स्वतः बांधला. ‘समुद्री गरुड’च्या कामातही तो होता. १९४५ मध्ये तो मांचुरियाला गेला, युद्ध संपलं, जपानी लोक मायदेशी परतू लागले आणि हा तिथेच राहिला. कम्युनिस्टांच्या ईशान्य फिल्म स्टुडिओत त्याने १९४७ मध्ये ‘सम्राटाचं स्वप्न’ हा बाहुलीपट केला, तोही कम्युनिस्टांचा शत्रू असलेल्या च्यांग काय-शेकची टर उडवणारा. नव्या चीनच्या अ‍ॅनिमेशनची घडी बसवणाऱ्यांत तो होता. तिथल्या श्रेयनामावलीत त्याचं नाव फांग मिंग असं येतं. १९५३ मध्ये जपानला परतून त्याने बाहुलीपटांचा स्टुडिओ उभा केला. कावामोतो किहाचिरोसारखा थोर बाहुलीकार त्याच्या हाताखाली शिकला. आणि अमेरिकेत दर नाताळला टीव्हीवर लागणारा १९६४ चा ‘रुडॉल्फ’ नावाच्या लाल नाकाच्या रेनडिअरचा बाहुलीपट तोक्योत याच्याच देखरेखीखाली चौकट-चौकट करून चित्रित झाला. तिथल्या श्रेयनामावलीत तो टॅड मोचिनागा आहे.

तीन देशांच्या फिल्मवर तीन नावांनी असलेला हा माणूस एकच आहे, हे कळायला जपानी, चिनी आणि इंग्रजी तिन्हीकडचे कागद शेजारी ठेवावे लागतात. जपानमध्ये अभ्यासक ओनो कोसेई यांनी ते काम फार चिकाटीने केलं. अलीकडे डेझी यान डू या अभ्यासिकेने २०१९ च्या आपल्या पुस्तकात चिनी अ‍ॅनिमेशनचा १९४० ते १९७० च्या दशकांतला सगळा इतिहासच अशा ये-जा करणाऱ्या माणसांच्या आणि चित्रपटांच्या अंगाने मांडला. तिचं वाचल्यावर ‘चिनी शैली’, ‘जपानी शैली’ हे शब्द लिहिताना हात थबकतो. १९५६ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात ‘कावळा काळा का’ या चिनी अ‍ॅनिमेशनपटाला बक्षीस मिळालं, तेव्हा परीक्षकांनी तो सोव्हिएत समजला होता, असं सांगतात. त्या घटनेने चिनी अ‍ॅनिमेशन-दिग्दर्शक त वेई आणि त्याचे सहकारी अस्वस्थ झाले. आपलं काही चिनी हवं, या तळमळीतून पुढे शाई आणि पाण्याच्या चित्रकलेतलं अप्रतिम अ‍ॅनिमेशन आलं, बेडूकपिल्लं आपल्या आईला शोधत फिरतात ती फिल्म त्यातली पहिली. म्हणजे ‘राष्ट्रीय शैली’ची गरजसुद्धा परक्या प्रेक्षकासमोर उभं राहिल्यावरच जाणवली.

अ‍ॅनिमेशनच्या अभ्यासाचा जन्मही असाच विखुरलेला आहे. तोक्योत इमामुरा ताइहेई याने अ‍ॅनिमेशनपटाच्या सिद्धांतावरचं जगातलं एक अगदी आरंभीचं पुस्तक १९४१ मध्येच काढलं आणि त्यात डिस्नीशेजारी जुन्या जपानी गुंडाळीचित्रांना बसवलं. त्याच सुमारास रशियात चित्रपट-दिग्दर्शक आयझेनस्टाइन डिस्नीवर टिपणं लिहीत होता. ती छापून यायला कित्येक दशकं गेली. एकाला दुसऱ्याच्या या लेखनाचा पत्ता नव्हता. अ‍ॅनिमेशनच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली ती १९८७ मध्ये.

आपल्याकडेही असा एक चित्रपट आहे, ज्याच्यावर कुठल्या देशाचं लेबल लावावं हे अजून ठरत नाही. दिग्दर्शक जपानी आणि भारतीय, चित्रकार बहुतांशी जपानी, संवाद मुळात इंग्रजी आणि कथा रामाची. युगो साको आणि मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेले राम मोहन यांच्या १९९२ च्या त्या रामायणाकडे पुढच्या भागात वळू.