दोन बलांचे परिणामी बल आणि त्याची क्रियारेषा : घाटकोपर येथील फलक दुर्घटनेच्या संदर्भात

प्रस्तावना

सदिश राशींची बेरीज हा कनिष्ठ महाविद्यालयीन भौतिकशास्त्रातील आरंभीचा पाठ होय. दोन बले परिमाणाने व दिशेने दिलेली असतात. विद्यार्थी समांतरभुज चौकोन काढतो, कर्णाची लांबी व कोन सांगतो आणि उदाहरण तेथेच संपते. हे परिणामी बल वस्तूच्या कोणत्या भागातून जाते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. 13 मे 2024 रोजी मुंबई उपनगरातील घाटकोपर येथे छेडानगर परिसरातील पेट्रोल पंपावर वादळी वाऱ्यात महाकाय जाहिरात फलक कोसळला आणि 17 जणांचा मृत्यू झाला. त्या फलकाचे गणित या राहून गेलेल्या प्रश्नापाशीच येऊन थांबते.

नियम आणि त्याचा विसरलेला भाग

न्यूटनने 1687 साली ‘प्रिन्सिपिया’मध्ये समांतरभुज चौकोनाचा नियम गतीच्या नियमांचा पहिला उपसिद्धांत म्हणून मांडला. दोन बले परस्परांशी काटकोन करीत असतील, तर परिणामी बल म्हणजे त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ. बिंदुवत् कणाच्या बाबतीत एवढे पुरेसे आहे, कारण सर्व बले त्याच एका बिंदूवर क्रिया करतात. दृढ वस्तूला विस्तार असतो. तेथे परिमाण व दिशा यांच्या जोडीला क्रियारेषाही सांगावी लागते. दोन क्रियारेषा जेथे छेदतात, त्या बिंदूतून परिणामी बलाची रेषा जाते.

फलकाचे गणित

कोसळलेला फलक 120 फूट लांब व 120 फूट रुंद होता. महापालिकेची कमाल मर्यादा 40 फूट गुणिले 40 फूट अशी होती. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 1,338 चौरस मीटर भरते. वाऱ्याचा दाब काढण्यासाठी भारतीय मानक 875 (भाग 3) मधील सूत्र सोपे आहे : वेगाच्या (मीटर प्रतिसेकंद) वर्गास 0.6 ने गुणावे, म्हणजे दाब न्यूटन प्रतिचौरस मीटरमध्ये मिळतो. आकार, उंची इत्यादींचे गुणक येथे सोडून दिले आहेत. गणितापुरते फलकाचे वजन 250 टन, म्हणजे सुमारे 24.5 लाख न्यूटन धरू.

व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांच्या अहवालानुसार फलक कोसळला तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 87 किलोमीटर होता. या वेगाला आडवे बल सुमारे 4.7 लाख न्यूटन येते. दोन्ही बलांची साधी बेरीज 29.2 लाख होईल. सदिश बेरीज मात्र 24.95 लाख न्यूटन एवढीच आहे. म्हणजे परिणामी बल नुसत्या वजनापेक्षा जेमतेम दोन टक्क्यांनी अधिक, आणि उभ्या रेषेपासून केवळ 11 अंश कललेले. उत्तर येथेच थांबवले तर धोका कोठे आहे, ते दिसतच नाही.

आता क्रियारेषा पाहू. दोन्ही बलांच्या रेषा फलकाच्या मध्याशी छेदतात असे मानल्यास तो बिंदू जमिनीपासून किमान 18.3 मीटर उंच आहे. खालच्या खांबांची उंची यात धरलेलीच नाही. 11 अंशांनी कललेली रेषा तेथून खाली येईपर्यंत पायाच्या मध्यापासून 3.5 मीटर दूर जाते. ही रेषा पायाच्या कडेबाहेर पडली, की वजन फलकाला सावरू शकत नाही. पुढचा सारा भार पायाच्या जमिनीतील पकडीवर येतो. पाया जड असेल तर उभे बल वाढते आणि रेषा पुन्हा आत ओढली जाते. अहवालात नेमका हाच पाया अपुरा ठरला : फलक ताशी 49 किलोमीटर वेगाचाच वारा सोसू शकत होता, तर अपेक्षित क्षमता 158 किलोमीटरची होती. वरील रीतीनेच पाहिल्यास 49 च्या वेगाला रेषा 1.1 मीटर सरकते आणि 158 च्या वेगाला तब्बल 11.5 मीटर. वेग सव्वातीन पट, पण बल दहापटींहून अधिक. वर्गाचा हा परिणाम लक्षात न घेता वेगांचे आकडे शेजारी ठेवले तर फरक किरकोळ वाटतो.

परवानगीची चर्चा बहुधा चौरस फुटांत होते, तीही अपुरी आहे. 40 फुटांची बाजू 120 फूट केली की क्षेत्रफळ नऊपट होते, शिवाय वाऱ्याच्या बलाची जमिनीपासूनची उंचीही तिप्पट होते. त्यामुळे त्याच वाऱ्याचा उलथवण्याचा प्रभाव 27 पट वाढतो.

वर्गातील प्रात्यक्षिक

हे दाखवायला प्रयोगशाळेची गरज नाही. एक जाडजूड ग्रंथ टेबलावर उभा करावा, त्याला दोरा बांधून तानकाट्याने आडवे ओढावे. दोरा तळाशी असेल तर ग्रंथ फार तर घसरतो. तेवढ्याच बलाने दोरा वरच्या कडेशी ओढला तर ग्रंथ आडवा होतो. वजन तेच, ओढही तेवढीच आणि कागदावर काढलेला कर्णही दोन्ही वेळा तोच.