मातीचा दाखला आणि भाजीचा मळा

घरामागें दहा गुंठ्यांचा भाजीमळा असला, म्हणजे त्यास खत घालण्याची एक रूढ रीत असते. गतवर्षीं दोन पोतीं घातलीं, यंदा तीन घालावीं. शेजाऱ्यानें युरिया टाकला, आपणही टाकावा. परंतु जमिनींत जें मुळांतच विपुल आहे तें आणखी ओतणें, आणि ज्याची उणीव आहे तें विसरणें, यांत पैसा तर जातोच. पण त्याहून मोठी हानि दृष्टीआड घडते. पिकानें न घेतलेलें नत्र पावसाबरोबर झिरपून नायट्रेटच्या रूपानें विहिरींत उतरतें. पिण्याच्या पाण्यांत तें लिटरमागें ४५ मिलिग्रॅमहून अधिक असूं नये, असें भारतीय मानक सांगतें. कारण त्या पाण्यांत कालवलेलें दूध तान्ह्या मुलांस बाधतें. मळ्याची विहीर तीच घराची विहीर असेल, तर मातीची परीक्षा ही केवळ शेतकीची बाब राहत नाहीं.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजीं राजस्थानांतील सुरतगड येथें मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. या पत्रिकेंत मातीविषयीं बारा गोष्टी नमूद असतात. पण दाखल्याचा खरेपणा नमुन्याच्या खरेपणावर अवलंबून असतो. मळ्यांत नागमोडी चालीनें आठ-दहा ठिकाणीं सुमारें २० सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावे व त्यांच्या बाजूची माती वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीनें तासून काढावी. बांध, झाडाची सावली, उकिरडा व पाणथळ जागा वर्ज्य कराव्या. सर्व माती एकत्र कालवून तिचे चार भाग करावे, समोरासमोरचे दोन टाकून द्यावे, आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हाच क्रम चालवावा. नुकतेंच खत घातलेल्या जमिनीचा नमुना घेऊं नये.

दाखला हातीं आल्यावर प्रथम सामू पाहावा. हा आंकडा ७ असतां माती उदासीन, त्याखालीं आम्ल व त्यावर विम्ल समजावी. देशावरील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींत तो पुष्कळदां ८ च्या वर असतो. तेथें लोह व जस्त जमिनींत असूनही मुळांस मिळत नाहीं. कोंवळीं पानें पिवळीं पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. अशा मातींत चुना किंवा चुलींतील राख घालणें म्हणजे रोग वाढविणें होय. उलट कोंकणांतील जांभी जमीन आम्ल असते. तेथें प्रयोगशाळेनें सांगितलेल्या मापानें चुना हितकर ठरतो. रत्नागिरीस जें औषध, तें सोलापुरास अपथ्य!

दुसरा आंकडा सेंद्रिय कर्बाचा. तो शेंकडा ०.५ हून कमी असल्यास चांगलें कुजलेलें शेणखत हेक्टरीं २० टन, म्हणजे दहा गुंठ्यांस दोन टन घालावें.

यानंतर नत्र, स्फुरद व पालाश. दाखल्यावर हे हेक्टरीं किलोंत दिलेले असतात. हेक्टर म्हणजे जवळजवळ १०० गुंठे. म्हणून दहा गुंठ्यांस दशांश घेतला कीं हिशेब जमतो. उपलब्ध नत्र २८० हून कमी असल्यास अल्प, स्फुरद १० ते २५ असल्यास मध्यम, आणि पालाश २८० हून अधिक असल्यास भरपूर मानतात. अल्प असेल तेथें शिफारशीची मात्रा सव्वापट, मध्यम असेल तेथें तितकीच, भरपूर असेल तेथें पाऊणपट द्यावी, असा साधा नियम आहे.

समजा, भेंडीस हेक्टरीं १०० किलो नत्र, ५० स्फुरद व ५० पालाश द्यावयाचें आहे. दहा गुंठ्यांस तें १०, ५ व ५ किलो झालें. वरील नियमानें नत्र १२.५, स्फुरद ५ व पालाश ३.७५ किलो ठरतें. युरियांत शेंकडा ४६ नत्र असतें, म्हणून तो सुमारें २७ किलो लागेल. शेंकडा १६ स्फुरद असलेलें सुपर फॉस्फेट ३१ किलो. आणि शेंकडा ६० पालाश असलेलें म्युरेट ऑफ पोटॅश सव्वासहा किलो. स्फुरद व पालाश लागवडीच्या वेळींच मातींत मिसळावें. युरिया मात्र निम्मा तेव्हां व निम्मा महिन्यानें द्यावा. एकदम दिलेलें नत्र पानांचा डौल वाढवितें, फळांची संख्या नव्हे. शिवाय माव्यास आमंत्रण मिळतें तें निराळेंच.

दोन-तीन वर्षांनीं परीक्षा पुन्हां करावी आणि जुना दाखला जपून ठेवावा. दोन दाखले शेजारीं ठेवले, म्हणजे जमीन सुधारते आहे कीं झिजते आहे, हें घरांतील शाळकरी मुलासही वाचतां येतें.