वृद्धांच्या वेदनेचे परीक्षण व उपचार : केळापूर तालुक्याच्या संदर्भात

वार्धक्यात वातदोषाचे प्राबल्य असते, हे आपण सर्व वैद्यबंधू-भगिनी विद्यार्थिदशेपासून जाणतो. परंतु या सिद्धान्ताचा आधार घेऊन परीक्षणच आखडते घेण्याची प्रवृत्ती व्यवसायात शिरली आहे. साठी उलटलेला रुग्ण कंबर, गुडघे वा मान दुखते म्हणून येतो; वयोमानानुसार वात, एवढे निदान होते; गुग्गुळकल्प आणि तेल दिले जाते. वेदना किती आहे, कोणत्या हालचालीत आहे आणि तिचे मूळ कशात आहे, याची नोंद कागदावर राहत नाही. जी वेदना मोजलीच नाही ती कमी झाली किंवा नाही, हे पंधरा दिवसांनी वैद्यासही सांगता येत नाही आणि रुग्णासही. अशा वेळी रुग्ण 'लवकर गुण येणाऱ्या' पुडीकडे वळतो आणि खरी हानी तेथून सुरू होते. वृद्धांच्या वेदनेचे मापन हा चिकित्सेचाच पहिला भाग आहे, असे आमचे मत असून त्याची सुलभ रीत येथे मांडत आहोत.

वेदना न सांगण्याची कारणे

केळापूर तालुक्याचे मुख्यालय पांढरकवडा. परिसर कापसाचा, वस्ती शेतकरी, शेतमजूर, गोंड व कोलाम समाजाची. येथील वृद्ध स्त्री दिवाळीनंतर कापूस वेचायला जाते तेव्हा ओटीत कापूस घेऊन दिवसभर वाकलेली असते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. वेदना कबूल करणे म्हणजे मजुरीवर पाणी सोडणे, म्हणून ती सांगत नाही. काहींना दवाखान्याचा खर्च मुलावर नको असतो. काहींची मातृभाषा कोलामी किंवा गोंडी असल्यामुळे सोबत आलेला नातूच त्यांच्या वतीने बोलतो. नातवाच्या शब्दांत आजीची वेदना अर्धीच पोहोचते. यास्तव प्रश्न रुग्णालाच विचारावा, त्याच्या नजरेला नजर देऊन सावकाश विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. ऐकू कमी येत असल्यास, ओरडण्यापेक्षा जवळ बसून बोलणे अधिक उपयोगी पडते.

शब्दांनी मापन

शून्य ते दहा या अंकांत वेदना सांगा, असे विचारण्याची आधुनिक पद्धत शहरात सोयीची आहे. शाळा न पाहिलेल्या वृद्धास ती परकी वाटते. त्याऐवजी पहिल्या भेटीत चार पायऱ्या विचाराव्यात : दुखत नाही, थोडे दुखते, पुष्कळ दुखते, सहन होत नाही. बसल्यावर, चालताना आणि रात्री अशा तीन वेळांचे उत्तर वेगवेगळे लिहावे.

पुढील भेटीत आराम मोजण्यासाठी आपल्या लोकव्यवहारातच एक उत्तम माप उपलब्ध आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तरी 'आठ आणे फरक आहे', 'बारा आणे आराम पडला' ही भाषा आजही वृद्धांच्या तोंडी आहे. सोळा आण्यांपैकी किती आणे आराम, हा प्रश्न त्यांना समजावून सांगावा लागत नाही. तोच आकडा तारखेसह केसपेपरवर लिहावा.

वेदनेचा प्रकारही रुग्णाच्याच शब्दांत टिपावा. टोचते, ठणकते, कळ मारते, आग होते, मुंग्या येतात, या प्रत्येक शब्दामागे तोद, शूल, दाह, सुप्ती अशी भिन्न संप्राप्ती सूचित होते. आग आणि मुंग्या दोन्ही पायांच्या तळव्यांत असतील, तर संधिगतवाताचा विचार करण्यापूर्वी रक्तातील साखर तपासावी.

हालचालीने मापन

वृद्धाला वेदनेहून अधिक भय परावलंबनाचे असते. म्हणून जमिनीवरून उठणे, शौचास उकिडवे बसणे, पायरी चढणे, डोक्यावरून लुगडे वा सदरा काढणे यांपैकी काय अडले आहे, ते विचारावे. दवाखान्यात करता येण्याजोगी एक सोपी चाचणी अशी : रुग्णाने खुर्चीतून उठावे, तीन मीटर चालावे, वळून परत यावे व बसावे. यास बारा सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका आहे असे समजावे. हा वेळ दर महिन्यास नोंदविल्यास औषधाचा गुण डोळ्यांना दिसतो.

ज्यांची स्मृती ढळली आहे किंवा पक्षाघाताने वाचा गेली आहे, त्यांच्या बाबतीत श्वास, कण्हणे, चेहरा, शरीराची चुळबुळ आणि धीर दिल्यावर शांत होणे, या पाच गोष्टी पाहाव्यात. प्रत्येकीस शून्य ते दोन गुण देऊन दहापैकी मोजणी करण्याची रीत २००३ पासून प्रचारात आहे. सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असे मानू नये, ही भूमिका आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० साली आपल्या सुधारित व्याख्येस जोडलेल्या टिपांत स्पष्ट केली आहे.

पाण्याचा प्रश्न विचारावा

केळापूर तालुक्यात परीक्षणाला आणखी एक प्रश्न जोडणे आवश्यक आहे : आपण कोणते पाणी पिता आणि किती वर्षांपासून? पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइड आढळते, याविषयीचा शोधनिबंध २००७ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा असून अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास ते अस्थी व स्नायुबंधांत साठते. कंबर ताठते, मान वळत नाही, सांधे आखडतात. वरवर पाहता हे चित्र संधिगतवातासारखेच दिसते आणि वातघ्न चिकित्सा चालू राहते; रुग्ण मात्र रोज त्याच बोअरवेलचे पाणी पीत असतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी येथे अक्षरशः लागू पडते.

संशयासाठी तीन हालचाली पुरेत. गुडघे न वाकविता वाकून पायाचे अंगठे धरणे, हनुवटी छातीस टेकविणे आणि दोन्ही हात मानेमागे नेणे. या जमत नसतील, दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील आणि त्याच वस्तीत असे अनेक रुग्ण असतील, तर पाण्याची तपासणी करवावी व रुग्णास क्ष-किरण परीक्षेसाठी पाठवावे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट त्याची तीव्रता वाढते, हे घरच्यांना आवर्जून सांगावे. तुरटी व चुन्याच्या साहाय्याने फ्लोराइड कमी करण्याची 'नलगोंडा पद्धत' नागपूरच्याच 'नीरी' संस्थेने विकसित केली आहे. सुरक्षित स्रोत, दूध व पालेभाज्यांसह सकस आहार आणि कोऱ्या चहाचे प्रमाण कमी करणे हे पथ्य सांगावे. ताठलेले सांधे पूर्ववत होतील असे आश्वासन देऊ नये. वाढ रोखणे हेच साध्य समजावे.

विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. अशा कुटुंबातील रुग्णाची जांघ किंवा खुबा चालताना दुखत असेल, तर खुब्याच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित झाला असण्याची शक्यता ध्यानात ठेवावी.

विलंब न करण्याची लक्षणे

पडल्यानंतर पाय टेकवत नाही, तो आखूड व बाहेर वळलेला दिसतो. कंबरदुखीसोबत लघवी-शौचाचा ताबा गेला. रात्री वाढणाऱ्या वेदनेसोबत वजन उतरते किंवा ताप आहे. एकच सांधा अकस्मात लाल, गरम, सुजलेला आहे. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाटून येऊन घाम सुटतो. अशा रुग्णास उपजिल्हा रुग्णालयात किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वरित पाठवावे. नागीण उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू होणे हितावह असते. वृद्धांत नागिणीनंतरची आग महिनोन्महिने छळते.

चिकित्सेतील तारतम्य

प्रथम साम-निराम भेद करावा. सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकतो, सांधे सुजतात, भूक मंद आहे, तेथे आमवाताचा विचार करून रूक्ष स्वेद, लंघन-दीपन यांस प्राधान्य द्यावे. तैलाभ्यंगाने तेथे अपाय होतो. निराम संधिगतवातात अभ्यंग, निर्गुंडीपत्राची पोटली आणि मात्राबस्ती ही त्रयी उपयुक्त ठरते. श्रम, भार व प्रवास यांनी थकलेल्यांस मात्राबस्ती योग्य असल्याचे चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात सांगितले आहे. प्रचलित ६० मि.ली. मात्रेहून कमीपासून आरंभ करावा. तीक्ष्ण शोधन टाळावे.

स्वेदनापूर्वी पोटलीची उष्णता वैद्याने स्वतःच्या हातावर पाहावी, कारण मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला भाजल्याचे कळत नाही. अभ्यंगानंतर तळपायाचे तेल पुसल्याखेरीज रुग्णास उठू देऊ नये. दुखऱ्या सांध्यावर बिब्बा घालण्याची रूढी अजून आहे. त्यातून होणारे व्रण वृद्धाच्या पातळ त्वचेवर लवकर भरत नाहीत. भिंतीला धरून उठ-बस आणि मांडीच्या स्नायूंचा हलका व्यायाम औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

रुग्णाची चालू औषधे पिशवीसह मागवावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना गुग्गुळकल्प विचारपूर्वक द्यावेत. ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. लवणयुक्त चूर्णे हृद्रोग्यास, गुळाची आसवारिष्टे मधुमेह्यास देताना विचार करावा.

औषधविक्रेत्यांचे उत्तरदायित्व

आठवडी बाजारात लेबल नसलेली 'सांधेदुखीची जडीबुटी' विकली जाते. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड किंवा वेदनाशामक ॲलोपॅथिक औषध मिसळलेले असते. वर्षांची वेदना दोन दिवसांत चौदा आणे उतरली, तर त्या पुडीवर संशय घ्यावा. चेहरा गोल होणे, सहज काळे-निळे डाग पडणे, साखर व रक्तदाब वाढणे ही स्टिरॉइडची चिन्हे होत. काळी डांबरासारखी शौच, पायांवर सूज व लघवी कमी होणे ही वेदनाशामकांच्या अपायाची. महिनोन्महिने घेतलेली अशी पुडी एकाएकी बंद करविणेही घातक ठरू शकते, कारण शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड निर्माण होणे मंदावलेले असते. रुग्णास पुडीसह तज्ज्ञांकडे पाठवावे.

परवाना क्रमांक, बॅच व उत्पादन-दिनांक नसलेला माल दुकानात ठेवू नये. वत्सनाभ, कुचला, भल्लातक आदी अनुसूची 'ई-१' मधील द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे औषध नियमांनुसार बंधनकारक आहे; ती वाचूनच औषध द्यावे. तेच औषध पुन्हा मागणाऱ्या वृद्धास एवढेच विचारावे : कोणी लिहून दिले, किती आणे आराम आहे, शौच काळी होते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर विक्री थांबवून त्यास त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे.

वरील पद्धतीस नवे यंत्र लागत नाही. केसपेपरवर चार ओळी पुरतात : रुग्णाचे शब्द व आणे, हालचालीस लागलेला वेळ, पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि चालू औषधे. सभासदांनी येत्या तीन महिन्यांत साठीपुढील प्रत्येक वेदनाग्रस्त रुग्णाच्या बाबतीत एवढी नोंद ठेवावी, अशी आमची विनंती आहे. एकाच गावातील ताठलेल्या मानांची नोंद एकत्र ठेवली, तर त्या गावाचे पाणी बदलण्याची मागणी ग्रामपंचायतीकडे पुराव्यासह करता येईल, आणि तोही वैद्याच्याच कर्तव्याचा भाग होय.